या बातमीचा प्रायव्हेट नंबर काय?

पत्र

नमस्कार दादा,

मी नागपूरला मनीषनगरात राहते. वय 43, नोकरी बँकेत. घरात मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झाले. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात. सकाळी सहाला चहासोबत बातम्या लागतात त्या रात्री झोपेपर्यंत. आवाज एवढा, की शेजारच्या काकूंनाही हेडलाइन पाठ असतात.

मागच्या महिन्यात एका चॅनलवर ‘मुलं पळवणारी टोळी?’ असं दिवसभर चाललं होतं. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई गल्लीतून जाते, एका गेटपाशी थांबते, तिच्याभोवती लाल गोळा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नेहमीची भांडेवाली आली. (पुण्याकडे बोहारीण म्हणतात ती.) बारा वर्षांपासून येते. आई आणि ती ओट्यावर बसून तासतास बोलायच्या. बाबांनी गेट उघडलं नाही. वरून तिचा फोटो काढला आणि ‘सावधान, हीच ती टोळी असू शकते’ असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चौकात दोन पोरांनी तिला अडवलं, टोपलं उपसून पाहिलं. मारहाण झाली नाही, पण ती रडत गेली, असं समोरच्या वॉचमननं सांगितलं. त्यानंतर ती आलेलीच नाही.

मी बाबांना बोलले. जरा जास्तच बोलले. ते म्हणाले, ‘मी काय आंधळा हाओ का? टीव्हीवर दाखवून राहिले ना! डोळ्यानं पाहिलं मी!’ तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे जेवायला या आणि औषध घेतलं का. मुलगा विचारतो, आजोबा खोटं बोलले का? त्याला काय सांगू? आणि टीव्हीवर दाखवतात ते खरं नसतं, हे बाबांना कसं पटवू?

— एक मुलगी

उत्तर

ताई,

आधी मुलाचं. त्याला सांगा की आजोबा खोटं बोलले नाहीत, आजोबा चुकले. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं, आजोबांना ते ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांच्या पोराला एवढा फरक कळतो. मनात अढी बसायच्या आत कळलेला बरा.

दुसरं काम आजच करा. महिना झाला म्हणजे तो फोटो आता सगळ्यांच्या फोनमधून निघणार नाही. पण त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहिता येतात: ही बाई बारा वर्षांपासून आपल्या गल्लीत येते, आमच्या घरच्या ओळखीची आहे, तिच्याबद्दल टाकलेला मजकूर चुकीचा होता. खुलासा करताना तो फोटो पुन्हा टाकू नका. लोक मजकूर वाचत नाहीत, फोटो पाहतात. बाबा स्वतः लिहीत असतील तर उत्तम. नाही तर तुमच्या नावानं लिहा, त्यांच्या वतीनं माफी मागू नका. शेजारपाजाऱ्यांसमोर बापाची मान खाली घालून त्याला काही पटत नसतं.

घाई करायला सांगतोय, कारण 1 जुलै 2018 चा राईनपाडा मला विसरता येत नाही. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्याच वर्षी देशभर मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येईल असा. तो होता कराचीचा, मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम तयार केलेली जागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता.

आता तुमचा मोठा प्रश्न. टीव्हीवर दाखवतात ते खरं नसतं, हे बाबांना पटवायला जाऊच नका. ते वाक्यच बरोबर नाही, आणि बाबा ते लगेच ओळखतील. त्या दिवशी पडद्यावर दिसलेली बाई खरंच कुठल्या तरी गल्लीतून गेली होती. तिच्या डोक्यावर बोचकं होतं, ती गेटपाशी थांबली. डोळ्यानं पाहिलं, असं बाबा म्हणतात ते एवढ्यापुरतं सोळा आणे खरं आहे. मात्र टोळी त्यांनी पाहिली नाही. मूल पळवताना पाहिलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या क्लिपमध्ये मूल नव्हतंच! टोळी खालच्या पट्टीत होती, मूल अँकरच्या तोंडी होतं आणि धोका मागच्या ढोलात. या सगळ्याचं मिळून डोक्यात जे तयार झालं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं असं बाबांना मनापासून वाटतं.

मी हे इतक्या खात्रीनं सांगतो, कारण हे काम मी स्वतः केलं आहे. फार वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका लहानशा केबल वाहिनीत मी रात्रीच्या बातम्यांच्या पट्ट्या लिहायचो. एका उन्हाळ्यात पाण्यासाठी बायका एका कार्यालयावर गेल्या. तीसेक असतील. आमचा कॅमेरामन पायरीवर उभा राहून टाइट फ्रेम घेऊन आला. नुसते चेहरे, उगारलेले हात, मधेच एक रिकामा गुंड. (गुंड म्हणजे आपल्याकडचं पाण्याचं भांडं. ‘महिला गुंड घेऊन धडकल्या’ हे मुंबईच्या डेस्कवर कसं वाचलं गेलं असतं, या विचारानं आम्ही तेव्हा फार हसलो होतो.) त्याच टेपवर एक वाइड शॉटही होता. त्यात अर्ध्या बायका झाडाखाली बसल्या होत्या आणि चौकीदार स्टुलावर बसून फुटाणे खात होता. तो शॉट आम्ही घेतला नाही. मी पट्टी लिहिली, ‘संतप्त जमावाची धडक, कर्मचारी भयभीत’. दुसऱ्या दिवशी विशीचा एक पोरगा आमच्या ऑफिसात आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, ‘साहेब, माह्या मायले जमाव काऊन म्हटलं? ते तर पाणी मागाले गेली होती.’

माझ्या पट्टीत तांत्रिकदृष्ट्या चुकीचं काही नव्हतं. तीस माणसं म्हणजे जमाव होतोच, आणि बायका चिडलेल्या होत्याच. कर्मचारी भयभीत असल्याचं मला कोणी सांगितलं होतं, ते मात्र आजही आठवत नाही. बहुधा कोणीच नाही.

चित्राला चित्र लावलं की तिसरंच काही दिसतं, हे सिनेमावाल्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं एका नटाच्या कोऱ्या, भाव नसलेल्या चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला, कधी एका बाईच्या चित्राला जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि वासना दिसली, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली, असं सांगतात. तुमच्या भांडेवालीच्या वाटेला कुलेशोव्हच आला. चालणाऱ्या बाईच्या शॉटनंतर रडणाऱ्या आईचा शॉट लावला, की ही बाई काय करून चालली आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

शब्दांचं काम याहून बारीक. समजा एखादा माणूस पोलिसांना म्हणाला, ‘मी तिथं नव्हतो.’ आता ही बातमी पाच तऱ्हांनी सांगा. तो तिथं नव्हता, असं त्यानं सांगितलं. तो तिथं नव्हता, असा दावा त्यानं केला. आपण तिथं नसल्याचा कांगावा त्यानं केला. तिथं असल्याचं त्यानं नाकारलं. तिथं असल्याबद्दल त्यानं सारवासारव केली. त्याच्या तोंडचे शब्द तेच आहेत, पण ‘कांगावा’ म्हटल्यावर खटला संपला. मराठीत हे एक क्रियापद न्यायाधीशाचं काम करून जातं आणि वाक्य संपेपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही. ‘आरोपी’ या शब्दाचं तर आपण केव्हाच वाटोळं केलं. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘आरोपी आहे तो’ असं पानठेल्यावर कोणी म्हणालं, तर आपण त्याचा अर्थ काय घेतो? ताब्यात घेतलेला, अटक झालेला, दोषारोपपत्र दाखल झालेला आणि कोर्टानं दोषी ठरवलेला ही चार वेगळी माणसं आहेत. टीव्हीवर चौघांच्याही डोक्यावर एकच काळा बुरखा असतो.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग इथं आठवतो. लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि मग विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना ‘आदळल्या’ऐवजी ‘टेकल्या’ अशा अर्थाचा शब्द घातला. फिल्म एकच. आदळल्या ऐकणाऱ्यांचं सरासरी उत्तर ताशी 41 मैलांच्या आसपास, टेकल्या ऐकणाऱ्यांचं 32 च्या. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं त्यांनी विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ज्यांना ‘आदळल्या’ म्हणून विचारलं होतं त्या 50 जणांपैकी 16 जणांना काचा आठवल्या. साधं ‘धडकल्या’ म्हणून विचारलं होतं, त्या 50 तले 7 जण हो म्हणाले. ही साधी, शहाणी माणसं होती, कोणी खोटं बोलत नव्हतं. तुमच्या बाबांना दिसलेली टोळी ही त्या काचांसारखी आहे.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण हवं असेल तर पांढरकवड्याची वाघीण घ्या. वनखात्याच्या कागदावर ती टी-1. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. त्या दिवसांत मी रिमोट घेऊन बसलो होतो. एका चॅनलवर ‘नरभक्षक वाघीण अखेर ठार’, दुसऱ्यावर ‘दोन बछड्यांच्या आईची हत्या’, खाली नाव ‘अवनी’. नरभक्षक म्हटलं की गोळी आपोआप न्याय ठरते, अवनी म्हटलं की खून. राळेगावकडच्या गावांत लोकांनी फटाके फोडले आणि मुंबईत मोर्चा निघाला, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या शब्दापुरती प्रामाणिक होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये नरभक्षक हा शब्द नाही. तिथं ‘मानवी जीवितास धोकादायक’ आहे. कोरडा, सरकारी, पट्टीवर अजिबात न शोभणारा शब्द. पण त्यावर निदान वाद घालता येतो: किती धोकादायक, पुरावा काय, पकडता आली असती का. नरभक्षकावर काय वाद घालणार?

तुम्ही लिहिलेल्या पट्टीत एक प्रश्नचिन्ह होतं, ते मी दोनदा वाचलं. ‘मुलं पळवणारी टोळी?’ हे प्रश्नचिन्ह म्हणजे धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. युधिष्ठिर खोटं बोललाच नाही, त्यानं ‘कुंजरो वा’ म्हटलं होतं. ते शंखांच्या आवाजात बुडालं आणि द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं, एवढंच. उद्या कोणी जाब विचारला तर चॅनल त्या प्रश्नचिन्हाकडे बोट दाखवेल. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आणि ‘असल्याची चर्चा’ ही त्याच कुळातली. आणि ‘परिसरात भीतीचं वातावरण’ हे तर माझं स्वतःचं आवडतं होतं. पट्टीत दोन शब्दांची जागा उरली की मी ते टाकायचो. बातमी लागेपर्यंत परिसरात वातावरण साधं असायचं, बातमी लागल्यावर भीतीचं व्हायचं.

पुन्हा पुन्हा दाखवण्याबद्दल फार सांगत नाही. एखादं विधान परत परत कानावर पडलं की ते जास्त खरं वाटतं, हे 1977 मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं आणि आपल्या आज्यांना त्याआधीच ठाऊक होतं. दिवसभर बारा सेकंदांचा तुकडा फिरत असेल तर बाबांनी ती एक बाई शंभरदा पाहिली. डोक्यात हिशेब एका बाईचा राहत नाही.

चित्र खरं असूनही किती फसवतं, याचा अनुभव तर अख्ख्या नागपूरनं घेतलाय. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली. टीव्हीवर तरंगणाऱ्या मोटारी. यवतमाळहून बहिणीचा फोन, ‘घर राहिलं का रे?’ मी हुडकेश्वरला कोरड्या गच्चीवर उभा होतो. तिला वाटलं मी धीर देण्यासाठी खोटं बोलतोय. पण अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या लोकांसाठी ते चित्र पूर्ण खरं होतं, किंबहुना कमीच होतं. दोन दिवसांनी कॅमेरे गेले आणि गाद्या, फ्रिज, मुलांची पुस्तकं चिखलातून काढणं नंतरही चालूच राहिलं, ते कोणी लूपवर दाखवलं नाही. मार्च 2025 मध्ये महाल भागात हिंसाचार झाला तेव्हाही तेच. काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांच्या डोक्यात संपूर्ण नागपूर पेटलेलं.

आणि आता मी ज्यासाठी एवढा वेळ घेतला ते. 30 मे 2024. ‘नागपुरात पारा 56 अंशांवर!’ तुमच्या घरी लागलं असेलच. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित केंद्रानं खरोखर 56 चा आकडा दिला होता. म्हणजे बातमी कोणी रचली नव्हती. जगातलं नोंदलेलं सर्वोच्च तापमान 56.7 अंश, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतलं, 1913 चं. रामदासपेठ त्याच्या पाऊण अंश खाली! त्याच दिवशी सोनेगावच्या केंद्रानं 54 दाखवलं, पण खापरीकडच्या कापूस संशोधनाच्या शेतावरचं आणि रामटेकचं केंद्र 44 दाखवत होतं. मग हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडले होते. ज्यानं खापरीचा आकडा पाहिला त्याला हे खुलाशाआधीच कळलं असतं. एका स्टेशनचा निरोप दुसऱ्या स्टेशनशी ताडून पाहायचा, एवढीच गोष्ट.

आणि हे ज्याला नागपुरात सगळ्यांत चांगलं कळतं तो माणूस तुमच्या हॉलमध्ये बसला आहे, ताई.

स्टेशन मास्तरला ‘प्रायव्हेट नंबर’ काय असतो ते विचारून बघा. मास्तर फाटकवाल्याला फोन करतो, गाडी येतेय, गेट बंद कर. फाटकवाला नुसतं ‘केलं साहेब’ म्हणाला तर चालत नाही. गेट बंद करून त्यानं आपल्याजवळच्या तक्त्यातला पुढचा नंबर सांगायचा, आणि मास्तरनं तो नोंदवहीत लिहायचा. दोन स्टेशनांमधले महत्त्वाचे निरोपही असेच पक्के होतात. आवाज ओळखीचा आहे, माणूस भरवशाचा आहे, रोज बोलणं होतं, यातलं काही चालत नाही. बाबांनी तीसेक वर्षं हे केलं असेल. काटोल असो, सिंदी असो, रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, नंबर मिळाल्याशिवाय त्यांनी सिग्नल दिला नसणार. फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा नंबर न घेता सिग्नल दिला.

हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकू नका. मी इथं लिहिलं म्हणून ठीक, तुम्ही म्हटलंत तर ते टोमणा होईल. त्यापेक्षा मुलाला पाठवा. त्याला आजोबांकडून प्रायव्हेट नंबरची गोष्ट ऐकू द्या. फाटकवाल्यानं नंबर दिला नाही तर तुम्ही काय करायचे, कधी गाडी थांबवून ठेवली का, वरून ओरडा बसला का. रेल्वेच्या माणसाकडे अशा गोष्टींची खाण असते आणि विचारणारं कोणी नसतं. मग एखाद दिवशी बातम्या चालू असताना पोराला सहज विचारू द्या, ‘आजोबा, या बातमीचा प्रायव्हेट नंबर काय?’ कोणती तारीख, कोणतं गाव, कोणतं पोलीस ठाणं, कोण सांगतंय, दुसरीकडे कुठे आलंय का. तुमच्या त्या क्लिपला तारीख नव्हती, गाव नव्हतं, ठाणं नव्हतं, असं मी पैजेवर सांगतो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘फाईल फुटेज’ (म्हणजे जुनं, साठवलेलं चित्रण) असं लिहिलेलं होतं का, ते आता कळणार नाही.

दुसरा एक खेळ घरी करता येईल. बातमी लागली की पहिला मिनिटभर आवाज बंद. पट्टीवर हवं तर वर्तमानपत्र धरा, आमच्या घरी टॉवेल टाकतात. पाहिलेलं प्रत्येकानं सांगायचं. मग आवाज चालू. किती गोष्टी दिसल्या आणि किती नुसत्या सांगितल्या, हे पोरगं वहीत दोन रकाने करून लिहील. यात बाबा हरणार नाहीत, सिग्नलचे दिवे ओळखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा पक्की असते. आणि तुम्हीही खेळा. तुम्ही टीव्ही पाहत नाही असं पत्राच्या शेवटी लिहिलंय (ते मी वर कापलं), सगळं मोबाइलवर पाहता. तिथं तर अँकरही नसतो, नुसता ढोल आणि मोठ्या पिवळ्या अक्षरांतलं एक वाक्य. तुमच्या बाजूचं वाक्य असलं की ते तुम्हालाही डोळ्यानं पाहिल्यासारखं वाटत असेल. मला तर वाटतं.

चॅनलबद्दल राग असेल तर तक्रार करता येते. 1994 च्या केबल नियमांतल्या नियम 6 मध्ये अर्धसत्यं दाखवायला मनाई आहे, शब्दशः अर्धसत्यं. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि पट्टीतले नेमके शब्द लिहून आधी चॅनललाच पाठवायचं. 2021 च्या सुधारित नियमांनुसार त्यांनी पंधरा दिवसांत निकाल द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर त्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे जाता येतं. तुमच्या प्रकरणात महिना उलटला आहे आणि चॅनल तुमच्या गल्लीत येऊन त्या बाईची माफी मागणार नाही. म्हणून मी यात तुमची शक्ती घालवा असं म्हणणार नाही. पुढच्या वेळी मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिलीत, आणि मी त्यावरच अडकलो. आई गेल्यापासून सकाळी सहा ते रात्री झोपेपर्यंत. ताई, अँकर त्यांच्याशी दिवसभर बोलतो. ‘तुम्ही पाहत राहा’, ‘तुम्हाला काय वाटतं’, ‘आम्ही तुम्हाला दाखवणार आहोत’. घरात त्यांना कोणी आणखी काही विचारतं का? जेवायला या आणि औषध घेतलं का, हे गेल्या महिन्यापासूनचं, असं तुम्ही म्हणता. त्याआधी काय होतं ते तुम्हीच आठवून पाहा. टीव्हीचा आवाज कमी करायचा असेल तर त्याच वेळेला दुसरा कुठला तरी आवाज घरात असावा लागतो. संध्याकाळी त्यांना घेऊन अजनीच्या पुलावर जा. तिथं खालून गाड्या जातात आणि त्यांच्याजवळ प्रत्येक गाडीबद्दल काहीतरी असेल.

राहिली ती मावशी. बारा वर्षं येणारी बाई म्हणजे आसपासच्या चार कॉलन्यांत तिला कोणी ना कोणी ओळखत असेल, वॉचमनला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा. निरोप पाठवा की आईच्या साड्या काढून ठेवल्यात, येऊन घेऊन जा. आई त्यांतल्या काही तिलाच देणार होती की नाही कोण जाणे, पण दोन वर्षांत तुम्ही त्या हलवल्या नसणार. बदल्यात एखादं पातेलं घ्या, फुकट देऊ नका, तिला ते आवडणार नाही. बाबांना आधी सांगून ठेवा ती कधी येणार आहे ते. आणि ती आली की गेट तुम्ही उघडायला जाऊ नका. बाबांना उघडू द्या.